विश्रामबागवाड्यातील पाठशाळा

पुण्यनगरीत पेशव्यांच्या अमदानीत राजवाडे, सरदारवाडे आणि सावकारांच्या हवेल्या मिळून कितीतरी मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेक आगीने, वाळवीने अथवा वारसांच्या भांडणाने नामशेष झाल्या. शनिवारवाड्याच्या आतील महाल १८२८ साली जळाले व आज तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच काय ते उरले आहे. बुधवारवाडा १८७९ साली भस्मसात झाला. खुद्द पेशव्यांच्या राहत्या वाड्यांपैकी लाकूडकामासह उभा असलेला एकच, आणि तो म्हणजे बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा. मंडळाच्या चिटणीसांनी आपल्या सुतार ज्ञातीच्या पूर्वजांच्या कारागिरीविषयी यंदाच्या स्मरणिकेत काही लिहावे अशी आम्हांस सूचना केली, तेव्हा हाच वाडा प्रथम डोळ्यांपुढे आला. आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे या वाड्यात सुमारे अर्धे शतक चाललेल्या पाठशाळेकडे आमचे लक्ष अधिक गेले, हे ओघानेच झाले. वाडा कोणी घडविला आणि पाठशाळेत कोण बसले, हे दोन प्रश्न एकत्र विचारले असता जे उत्तर मिळते, ते आपल्या घरातील मुलांनी ऐकावे असे आम्हांस वाटते. (सांगलीकडील ज्ञातिबांधवांनी कृपया घोटाळा करून घेऊ नये, त्यांच्या विश्रामबागेशी या लेखाचा संबंध नाही.)

प्रथम वाड्याच्या जन्माची हकीकत. १७९६ साली दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले. शनिवारवाड्याशी त्यांचे मन कधीच जुळले नाही, आणि त्यात नवल नव्हते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून त्याच वाड्यात झाला होता, आणि १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंतही तेथेच झाला. पुढे ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसई येथे इंग्रजांशी तह करून बसले. १८०३ च्या मे महिन्यात ते इंग्रजी फौजेच्या आश्रयाने पुण्यास परत आले. त्यानंतर शहराच्या दक्षिण अंगास, हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागेवर, नव्या वाड्याचे काम सुरू झाले व १८०७-०८ च्या सुमारास ते पुरे झाले. खर्च दोन लक्ष रुपये पडला असे सांगतात. राज्य हातचे जात असताना पेशवा विसाव्यासाठी वाडा बांधीत होता, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे व ती योग्यच आहे. परंतु धन्याच्या दोषाचे माप कारागिराच्या पदरात घालू नये.

आता वाड्याकडे पाहू. रस्त्यावर उभे राहून वर पाहिले असता प्रथम नजरेत भरतो तो दर्शनी भागावरील नक्षीदार लाकडी सज्जा आणि त्याचे सुरूचे खांब. सुरू हा शब्द ऐकून आजची मुले समुद्रकिनाऱ्यावरील सुरूच्या बनाची कल्पना करतात, ती बरोबर नव्हे. येथील सुरू म्हणजे फारसी काव्यातील व मोगल बागांतील सरू. खाली भरदार, वर निमुळता होत जाणारा डौलदार वृक्ष. शाहजहानच्या काळात दिल्ली-आग्र्याकडे या आकाराचे खांब संगमरवरी व लाल दगडात घडू लागले. तेथून तो घाट दक्षिणेत उतरला आणि आपल्या लोकांनी तो सागवानात आणला. दगडातील घाट लाकडात आणणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे. दगडाला शीर नसते. लाकडाला शीर असते, ते उन्हापावसात फुगते आणि आकसते, आणि खांबाचा घेर खालून वर बारीक करीत नेताना शिरेच्या विरुद्ध पटाशी चालली तर ढलपी निघून सारे काम वाया जाते. खांबाच्या बुडाशी पाकळ्या, अंगावर उभ्या पन्हळी आणि माथ्यावर पुन्हा पानाफुलांचे काम, हे सारे सांभाळीत प्रत्येक खांब शेजारच्या खांबासारखाच दिसला पाहिजे, आणि ते काम हातानेच करावयाचे! ज्यांनी पटाशी हातात धरली आहे त्यांस यापेक्षा अधिक सांगावयास नको.

खांब थेट जमिनीवर ठेवीत नसत. त्याखाली दगडी उथाळे असे, म्हणजे ओल व वाळवी यांचा संपर्क लाकडास लागत नसे. खांबाच्या माथ्यावरून हस्त बाहेर काढून त्यांवर तुळया टेकविल्या जात, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, अशी ही कडीपाटाची रचना होती. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. जुन्या काळी वाड्याचा आकार खणांत सांगत, फुटांत नव्हे. दोन खांबांमध्ये ज्या पाकळीदार महिरपी दिसतात त्या भार वाहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. दगडी कमान स्वतः ओझे पेलते. येथील महिरप म्हणजे तुळईखाली बसविलेले कातीव फळ्यांचे काम आहे, ओझे सारे खांब आणि तुळया वाहतात. भिंतींचेही तेच. विटा व चुना हे लाकडी सांगाड्यामधील पोकळी भरण्यापुरते. घर उभे राहते ते सांगाड्यावर. त्यामुळेच जुन्या वाड्याची भिंत पडली तरी माडी उभी राहिलेली आपण पाहतो. थोडक्यात, पेशवेकालीन वाडा हे मुळात सुतारकाम आहे व गवंडीकाम त्याच्या सोबतीने येते. गवंडी बंधूंनी या विधानाचा राग मानू नये. जोत्याचा दगड त्यांनी नीट बसविला नसता तर आमचे उथाळे कोठे बसले असते?

आतील रचना चौकांची आहे. एकामागून एक असे तीन चौक, चौकांभोवती ओसऱ्या, वर माडी, आणि दर्शनी बाजूस माडीवर दरबारी दिवाणखाना. छताला तक्तपोशी केलेली, म्हणजे कड्या उघड्या न ठेवता त्यांखाली फळ्या जोडून सपाट नक्षीदार छत केलेले. महिरपींच्या मध्यावर आणि हस्तांच्या टोकाला खाली लोंबणारी केळफुले आहेत. केळफूल हा आपल्या कारागिरांचा आवडता विषय होता. त्याच्या मिटलेल्या पाकळ्या एकावर एक चढविताना पटाशीची खरी परीक्षा होते. या वाड्याच्या कामाशी मनसाराम लक्ष्मण आणि दाजी सुतार ही दोन नावे जोडलेली आहेत. पेशवाईतील वाड्यांच्या कहाण्यांत बांधविणाऱ्यांची नावे जागोजाग आढळतात, बांधणाऱ्यांची मात्र क्वचित. म्हणून दाजी सुतार हे नाव आपल्या मुलांना तोंडपाठ असावे असे आम्हांस मनापासून वाटते.

बाजीरावांना या वाड्याचा उपभोग जेमतेम नऊ-दहा वर्षे मिळाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि येरवडा येथील लढायांनंतर त्यांनी पुणे सोडले, १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले, आणि पुढल्या वर्षी जूनमध्ये ते मालकम साहेबांच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेले. रिकामा झालेला वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात आला.

नव्या सरकारपुढे एक चमत्कारिक प्रश्न होता. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाडे सेनापतींची, पेशव्यांनी ती आपल्याकडे घेतली आणि अखेरच्या बाजीरावांच्या काळी तिचा खर्च लक्षावधी रुपयांवर गेला. ती एकदम बंद केली तर पुण्यातील शास्त्रीमंडळी बिथरणार, चालू ठेवली तर खजिना रिता होणार. एल्फिन्स्टन साहेबांनी ती रक्कम कमी केली, आणि दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांच्या पुढाकाराने तिचा काही भाग एका संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी ही पाठशाळा विश्रामबागवाड्यात सुरू झाली. इंग्रजीत तिला हिंदु कॉलेज म्हणत. राघवाचार्य रामानुज हे तिचे मुख्य शास्त्री होते. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, अलंकार, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक आणि वेद हे विषय शिकविण्यासाठी निरनिराळे शास्त्री नेमले गेले व विद्यार्थ्यांस दरमहा विद्यावेतन मिळू लागले. जेथे पेशव्यांच्या बैठका झडत तेथे आता व्याकरणाची सूत्रे घोकली जाऊ लागली.

ही पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती. आम्ही हे कडवटपणाने लिहीत नाही; त्या काळच्या समजुतीच तशा होत्या, आणि सरकारचा हेतूही शास्त्रीवर्गाचे समाधान करण्याचा होता, हे उघड आहे. तथापि एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. तेथे शिकविल्या जाणाऱ्या विषयांच्या यादीत शिल्पशास्त्रास स्थान नव्हते. वास्तूची मापे, खांबाची उंची व घेर यांचे प्रमाण, लाकडाची पारख, हे ज्ञान संस्कृत ग्रंथांतूनही लिहिलेले होते. परंतु ज्या खांबांच्या सावलीत ते शास्त्री बसत, त्या खांबांचे गणित त्या पाठशाळेचा विषय नव्हता. ते गणित गुण्या, ओळंबा आणि दोरी यांच्या साहाय्याने बाप मुलाला कामावरच शिकवीत होता. आणि तो मुलगा खांबाची डागडुजी करण्यासाठी वाड्यात येई. शिकण्यासाठी येऊ शकत नसे.

१८३७ साली पाठशाळेत मोठा पालट झाला. काही जुने विषय कमी झाले, मराठी आणि इंग्रजीच्या अभ्यासास जागा मिळाली आणि प्रवेश सर्व वर्गांस खुला करण्यात आला. दार नियमाने उघडले खरे, पण इतर जातींची मुले लगेच उंबरठा ओलांडून आत आली असे झाले नाही. अक्षरओळखच नसलेल्या घरातील मुलगा एकदम पाठशाळेत कसा येणार? त्यास आधी गावात, पेठेत साधी शाळा हवी होती.

याच सुमारास टॉमस कँडी हे पाठशाळेचे देखरेख करणारे अधिकारी झाले. मोल्सवर्थ साहेबांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांचा हात होता आणि १८४७ चा मोठा इंग्रजी-मराठी कोश त्यांच्याच नावावर आहे. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे रुळविण्याचे श्रेय त्यांस जाते. १८५० साली त्यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आम्ही तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर विरामचिन्हांचे धडे दिले. त्या चिन्हांचा धागा विश्रामबागवाड्याशी जोडलेला आहे, हे आम्हांस बऱ्याच उशिरा कळले आणि कळल्यावर दरवर्षी वर्गात सांगत आलो. मुलांस पूर्णविरामापेक्षा कँडी या नावाचीच गंमत अधिक वाटे, हे निराळे! याच पाठशाळेत मोरशास्त्री साठे यांच्या हाताखाली कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले व पुढे येथेच इंग्रजी विद्याही त्यांनी आत्मसात केली. जुनी व नवी विद्या एका माणसात कशी नांदू शकते याचे ते उदाहरण ठरले.

दक्षिणेचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी व इतर सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा व त्यात जातीचा विचार नसावा. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून येतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुले आपल्याबरोबर महार-मांग वस्तीतील दोनशे माणसे घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांस त्या निधीतून कधी कपर्दिक मिळाली नव्हती, त्यांनी त्याच्या न्याय्य वाटणीसाठी उभे राहावे, ही घटना आम्हांस फार मोलाची वाटते. अखेर निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. आज आपण ज्यास दक्षिणा प्राइझ कमिटी म्हणून ओळखतो तिचा उगम यातच आहे.

१८५१ साली ही पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज निर्माण झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात एक समारंभ झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांस शालजोडी देऊन गौरविण्यात आले. जोतीरावांचे वय तेव्हा पंचविशीच्या घरात होते. एकतीस वर्षांपूर्वी ज्या वाड्यात केवळ एका वर्णासाठी पाठशाळा उघडली होती, त्याच वाड्यात फुलमाळ्याच्या घरातील तरुणास शिक्षणकार्यासाठी शालजोडी मिळाली. वाड्याच्या सबंध इतिहासात आम्हांस हा दिवस सर्वांत मोठा वाटतो. दुसऱ्या बाजीरावांच्या गृहप्रवेशाहूनही मोठा.

आपल्या ज्ञातीचे काय, असे वाचक विचारतील. आपल्या मुलांस विद्येचे दार उघडले ते बहुधा निराळ्या बाजूने. १८५४ साली पुण्यात सरकारने इंजिनियरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा काढली. रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती यांच्या कामांवर देखरेख करणारी माणसे तयार करणे हा तिचा उद्देश होता. आजचे पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज हे तिचेच वाढलेले रूप होय. तेथे नकाशा, माप आणि हत्यार या तिन्हींस प्रथमच शाळेत मान मिळाला. आपल्या बापजाद्यांचे ज्ञान अशा रीतीने वर्गात आले. परंतु त्या वर्गात बसण्यासाठीही लिहिता-वाचता येणे, गणित येणे आणि पुढे इंग्रजी येणे आवश्यक होते. त्यामुळे हातात कसब असलेला सुतार पुष्कळदा बाहेरच राहिला आणि कसब नसलेला पण वाचता येणारा मनुष्य त्याच्यावर मुकादम झाला. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जी मागणी मांडली, की वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाआधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर सरकारने पैसा खर्चावा, तिच्या मागे हेच अनुभव होते. आपल्या मंडळाने पुस्तकपेढी आणि शिष्यवृत्त्या यांवर भर दिला, त्याचे कारणही हेच आहे.

पूना कॉलेजचा पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगतो. इंग्रज कवी एडविन आर्नल्ड काही वर्षे त्याचे प्राचार्य होते, जर्मन पंडित मार्टिन हौग येथे संस्कृत शिकवीत, आणि त्यानंतर आलेले प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ हे त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीचे नातू. १८६४ मध्ये कॉलेजला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले व येरवड्यास नव्या इमारतीचे काम सुरू झाले. जमशेटजी जिजीभाई घराण्याची मोठी देणगी त्यास लाभली, आराखडा कॅप्टन विल्किन्स यांचा. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. ती इमारत काळ्या दगडाची, टोकदार कमानींची आणि मनोऱ्याची आहे. भक्कम व देखणी, पण तीत आपल्या सुरूच्या खांबांची नजाकत शोधू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी तेथे शिकली. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले, माजी विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. विश्रामबागवाड्यातील पाठशाळेचे संस्कृत अशा रीतीने येरवड्यास अजून नांदत आहे.

इकडे वाड्यावर आपत्ती आली ती १३ मे १८७९ च्या रात्री. बुधवारवाडा पेटला आणि विश्रामबागवाड्यासही आग लावण्यात आली. बुधवारवाडा संपूर्ण गेला. विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला, उरलेला वाचला. पुढे लोकांची वर्गणी आणि नगरपालिकेचे साहाय्य यांतून जळालेला भाग पुन्हा उभारण्यात आला. हे पुन्हा उभारणे कोणाच्या हातून झाले असेल हे सांगण्याची गरज नाही. वाकस आणि रंधा हातात धरणाऱ्यांचेच ते काम. १९३० पासून सुमारे तीन दशके पुणे नगरपालिकेची, व १९५० नंतर महानगरपालिकेची, कचेरी याच वाड्यात होती. जन्माची नोंद, पाणीपट्टी, घरपट्टी यांसाठी तीन दशके पुणेकर या चौकांतून ये-जा करीत होते. सरकारी कचेरीचा संसार जुन्या लाकडास मानवत नाही, हे सर्वश्रुत आहे. खिळे ठोकले जातात, आडभिंती उभ्या राहतात, नक्षीवर तेलरंगाचे थरावर थर चढतात. महापालिका स्वतःच्या इमारतीत गेल्यावर वाड्यास थोडा मोकळा श्वास मिळाला. पुण्याच्या वारसा-यादीत तो प्रथम श्रेणीत आहे, आणि महापालिकेने टप्प्याटप्प्याने त्याच्या दुरुस्तीची कामे केली आहेत.

ज्ञातिबंधुभगिनींनी पुण्यास खरेदीसाठी तुळशीबागेत गेल्यावर मुलांसह पाच मिनिटे या वाड्यासमोर थांबावे. सज्जाकडे पाहताना केवळ नक्षी पाहू नये. खांबाच्या माथ्याशी हस्त कोठे बसला आहे आणि तुळईचा भार खांबावर कसा उतरतो ते मुलांस दाखवावे. चौकात गेलात तर खांबाच्या बुडाशी वाकून उथाळ्याचा दगड पाहावा. जेथे जुन्या लाकडाला नवे लाकूड जोडले असेल, तेथे शीर जुळविली आहे की नाही हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.